सोलापुरातलं एक नाक-कान-घसा केंद्र: चिमटा उशिरा उचलतात, म्हणून चार स्टार

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात घोळणा फुटला की घरोघरी निदान ठरलेलं: उष्णता झाली. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मुलगा दहा ते पंचवीस वर्षांचा, रक्त वारंवार एकाच नाकपुडीतून आणि तीच नाकपुडी कायम चोंदलेली, असं असेल तर कांदा हुंगवणं पुरे झालं. तिथे नाकाच्या मागच्या भागात अँजिओफायब्रोमा नावाची गाठ आहे का, ते बघावंच लागतं. गाठ कॅन्सरची नसते, पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते.

केंद्राचं नाव गाळतोय, मुद्दा पद्धतीचा आहे. झायलोमेटाझोलिन (नाक मोकळं करणारं) आणि लिग्नोकेन (बधिर करणारं) या औषधांत भिजवलेल्या पट्ट्या नाकात ठेवून पूर्ण दहा मिनिटं थांबतात, मगच दुर्बीण. मागे गुळगुळीत, लालसर गाठ दिसली की तुकडा काढायच्या फंदात पडत नाहीत. ओपीडीत या गाठीला चिमटा लावला तर रक्त आवरता आवरत नाही. आधी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन), मग एमआरआय. गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली आणि तिच्यामागची फट रुंदावलेली दिसली, की निदान बहुतेक वेळा बायोप्सीशिवाय, म्हणजे तुकडा न काढताच होतं. एमआरआयमधले काळे ठिपके म्हणजे गाठीतून जोरात वाहणारं रक्त. सिरम क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आदल्या दिवशीच करून न्या, नाहीतर कॉन्ट्रास्टसाठी फेरी वाया जाते.

एम्बोलायझेशन, म्हणजे ऑपरेशनआधी गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, इथे होत नाही, आणि तसं ते तोंडावर सांगतात. पुण्याला पाठवतात, तेही ऑपरेशनसकट. हे बरोबर आहे. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गाठीला रक्त देणारी धमनी बारीक कणांनी बंद केली की साधारण 24 ते 72 तासांत गाठ काढायची असते. उशीर झाला की दुसऱ्या वाटांनी रक्त पुन्हा येतं. 'एम्बोलायझेशन पुण्यात, ऑपरेशन सोलापुरात' हा खर्च वाचवायचा बेत म्हणूनच अंगलट येतो. कण डोळ्याच्या किंवा मेंदूच्या धमनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते, लकवा होऊ शकतो. हात अनुभवी हवा.

मोठ्या माणसांत चित्र वेगळं. गरोदरपणात नाकाच्या पडद्यावर उगवणारी छोटी लाल गाठ बाळंतपणानंतर अनेकदा आपोआप आकसते. ग्लोमँजिओपेरिसायटोमा ही नाकातली दुर्मिळ गाठ मात्र काढल्यावर कित्येक वर्षांनीही परतू शकते.

तक्रारी दोन. काउंटरवर नुसती फिल्म हातात देतात, सीडी मागून घ्यावी लागते. मोबाइलवरच्या फिल्मच्या फोटोवर कुठलाही सर्जन ऑपरेशन आखत नाही. दुसरी मोठी, एक स्टार तिच्यापायी कापला: पुण्याहून परतलेल्या पेशंटला 'त्रास झाला तर या' एवढंच सांगतात. गाठ पुन्हा आली असं आपण म्हणतो, ती बऱ्याचदा नाकाच्या मागच्या टेरिगॉइड हाडाच्या मुळाशी राहून गेलेलीच असते, आणि सुरुवातीला तिचा काहीच त्रास होत नाही. तिथलं हाड ड्रिल केलं का, ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या आणि तीन ते सहा महिन्यांनी कॉन्ट्रास्ट एमआरआय स्वतःहून मागा.