मुगाचं वरण की पनीर?

बॅरिआट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मऊ जेवणाला हिरवा कंदील दाखवला की आपल्याकडे आधी शिजतं मुगाचं वरण. अर्धा चमचा तुपात जिरं-हिंगाची फोडणी, ती गाळून ओतायची, वर लिंबू. चवीला तोड नाही. पण शिजलेल्या 100 ग्रॅम डाळीत प्रथिनं जेमतेम 7 ग्रॅम, पातळ केलं तर आणखी कमी. दिवसाला 60 ग्रॅम गाठायचे आणि पोटात मावतात चार-पाच चमचे! इथे पनीर सरस, 100 ग्रॅममध्ये साधारण 18. साय काढलेल्या दुधाचं ताजं पनीर कोमट दुधात मिक्सरला गुळगुळीत फिरवा, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. कोरडं राहिलं तर मात्र अडकतं. दूध सोसत नसेल तर वरणच, पण घट्ट. पाणी कशाहीबरोबर नको. जेवणानंतर अर्ध्या तासानं, घोटघोट.