साडेबारा दिलं तर बारा हवं, बारा दिलं तर साडेबारा: गोधडीच्या ब्लॉकमध्ये गेलेले १३,०८९ रुपये

आधीच सांगते. ब्लॉक म्हणजे कपड्याचे तुकडे जोडून शिवलेला चौकोन, असे ब्लॉक एकमेकांना जोडून रजई होते. "गोधडीचे ब्लॉक घरी शिवा, आम्ही विकत घेतो" अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूही नका. माझे १३,०८९ रुपये गेले. रक्कम लाखांत नाही म्हणून कोणी दखल घेत नाही, पण ते पैसे मी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून बाजूला टाकलेले होते. आणि पैशांपेक्षा जास्त राग याचा आहे की जे काम मला मनापासून आवडतं, नेमकं तेच माझ्या गळ्यात अडकवलं.

घरबसल्या कामाच्या नावाखाली कसं लुटतात ते आता सगळ्यांना माहीत आहे. आधी छोटी रक्कम, मग डिपॉझिट, मग काम नापास, मग दंड, शेवटी वकिलाची नोटीस. मलाही माहीत होतं. डेटा एन्ट्री किंवा पेन्सिल पॅकिंग असतं तर मी ढुंकून पाहिलं नसतं. पण इथे कुरिअरने खरा कपडा घरी आला, तोही चांगला सुती. समोर कपड्याचा गठ्ठा असताना कोणाला वाटेल की हे सगळं खोटं आहे? "एवढी शिकलेली असून फसलीस कशी" असं घरात आणि बाहेर ऐकून झालंय. विचारणाऱ्यांपैकी एकानेही तो कपडा हातात घेऊन बघितलेला नाही.

लॉकडाऊनमध्ये मी पॅचवर्क शिकले. आधी बेबी क्विल्ट, मग उशांचे अभ्रे, मग डबल बेडची एक अख्खी रजई. मराठीत नीट मापं दिलेले पॅटर्न फारसे मिळत नाहीत, म्हणून "मराठीतून सोपे पॅटर्न, मापांसह" ही जाहिरात बघून थांबले. संच २९९ रुपयांचा. पैसे भरल्यावर तासाभरात संच विकणाऱ्या "मॅडम"चा मेसेज: ताई, तुमचं काम सुंदर आहे, आमच्याकडे ऑर्डर आहे, ४० ब्लॉक शिवून द्या, ब्लॉकला १८० रुपये. म्हणजे ७,२०० रुपये. कपड्याच्या किटचे २,४५० आणि परत मिळणारं डिपॉझिट ५,०००. एक करारपत्रही पाठवलं.

पैसे भरताना स्क्रीनवर संस्थेचं नाव न येता कुठल्यातरी माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं आहे. हे लक्षात ठेवा: यूपीआयवर पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं तोच पैसे घेणारा. नाव जुळत नसेल तर तिथेच मागे फिरा.

आता पॅटर्नबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे आणि पोलिसांपासून बँकेपर्यंत कोणालाही ती ऐकून घ्यायची नाही.

एका पानाची पीडीएफ. वर चांदणीचं रंगीत चित्र: नऊ घरं, पाच साधे चौकोन आणि चार घरं दोन त्रिकोणांची. खाली एवढंच: "ब्लॉक १२ इंच. सर्व चौकोन ४ इंच. शिलाई पाव इंच." कापायचं माप कोणतं, शिवून झाल्यावरचं कोणतं, काही नाही. शिलाईची जागा त्या चार इंचांत धरलीय की वेगळी, तेही नाही. पॅचवर्क करणाऱ्यांना कळेल की असा पॅटर्न म्हणजे काहीच नाही. शिवून चार इंच भरायला साधा चौकोन साडेचार इंचाचा कापावा लागतो, चारी बाजूंनी पाव पाव इंच शिलाईत जातं. दोन त्रिकोणांचं घर करायला चौकोन चार इंच सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कापावा लागतो, कारण तिरप्या टिपेत जास्त कपडा जातो. दोन्हींना एकच माप कधीच असू शकत नाही.

पहिला ब्लॉक मी त्यांच्या मापाने कापला. मशीनशेजारी त्रिकोणांचं घर साध्या चौकोनावर कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलं, तर दोन बाजूंना खालचा गडद निळा कपडा तीन सूत बाहेर दिसत होता. पट्टी लावली. साधा चौकोन चार इंच, त्रिकोणांचं घर तीन इंच पाच सूत. शिलाई उसवून पुन्हा मोजली, अगदी पाव इंच होती. सगळं त्या क्षणी माझ्यासमोर होतं. ज्यांना खरंच ४० ब्लॉक एकमेकांना जोडून रजई करायची आहे, ते असा कागद पाठवतीलच कसे? चाळीस ठिकाणी तीन-तीन सूत चुकलेला माल त्यांना कशाला हवा? हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला असता तर मी २९९, २,४५० आणि ५,००० वर थांबले असते. रात्री झोप लागत नाही तेव्हा तो तीन सुतांचा निळा कपडाच आठवतो.

पण मी काय करायला हवं होतं? मी लगेच विचारलं. उत्तरादाखल व्हॉइस मेसेज आला, अगदी गोड आवाजात: "ताई, तुमची शिलाई जाड पडतेय, सरावाने जमेल." इंटरनेटवर निम्मे फुकट पॅटर्न असेच अर्धवट असतात. मला तो निष्काळजीपणा वाटला. ज्याला काम येतं तो वाईट पॅटर्न दुरुस्त करून घेतो. मी मापं काढली, सगळे ब्लॉक नव्या मापाने कापले. कपडा अर्थातच कमी पडला, कारण तो चुकीच्या मापाने मोजून दिलेला. उरलेला पदरचा घातला, तो हिशोब वरच्या रकमेत धरलेलाही नाही. चाळीसही ब्लॉक कच्चे साडेबारा इंच भरले, टोकं टोकांना मिळालेली, एकाही चांदणीचं टोक शिलाईत कापलं गेलेलं नाही.

सगळे नापास. कारण: "ब्लॉक अर्धा इंच मोठे. करारानुसार १२ इंच."

बारा इंचाचा ब्लॉक जोडणीआधी साडेबारा असतो, कारण जोडताना कडेचं पाव पाव इंच आत जातं. हे शिकाऊ मुलीलाही पहिल्या आठवड्यात कळतं. मी लिहून पाठवलं, आकृती काढून पाठवली. उत्तर: करार वाचा. "कपड्याची भरपाई" म्हणून १,८०० भरा, नवीन किट आणि फेरसंधी देतो. डिपॉझिट अडकलेलं होतं, म्हणून भरले. किट आलंच नाही. डिपॉझिट मागितल्यावर गोड आवाज बंद झाला आणि वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस आली: करारभंग, न्यायालय, अटक वॉरंट. "तडजोड फी" ३,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. घरात लग्न तोंडावर होतं, पाहुणे यायचे होते. दारात पोलीस आले तर, या एका विचाराने भरले. दुसऱ्या दिवशी मागणी ९,४४० वर गेली, तेव्हा मुलीला सांगितलं.

करारातलं काम बिघडलं म्हणून कोणी अटक करत नाही, तो दिवाणी वाद असतो. कोणतंही न्यायालय व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवून पैसे मागत नाही. ही दोन वाक्यं आपल्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला सांगून ठेवा.

मुलीने जाहिरातीतल्या रजईचा फोटो शोधला, तर तो परदेशातल्या कोणा कारागिराच्या पानावर जुना पडलेला सापडला. बिलावरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता आणि पत्ता पुण्याचा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पंधरा अक्षरी असतो आणि सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. मग त्यांच्या ग्रुपमधल्या एका ताईला मी थेट मेसेज केला. त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच बोलू शकायचा, पण नंबर दिसत होते. त्या ताईंनी शिलाई धरून ब्लॉक बरोबर बारा इंचाचे केले होते. त्यांना काय कळवलं असेल? "जोडल्यावर साडेअकरा भरतो, अर्धा इंच लहान." आम्ही दोघींनी मेसेज एकमेकींना दाखवले. तोच पॅटर्न, तेच ब्लॉक. माझा अर्धा इंच मोठा, त्यांचा अर्धा इंच लहान. पॅटर्नमध्ये माप मुद्दाम संदिग्ध ठेवलं होतं, म्हणजे काहीही शिवून दिलं तरी चूक आपलीच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. तुमच्यावर वेळ आलीच तर हा फोन त्याच तासात करा, पैसे पुढच्या खात्यांत जायच्या आत. डिपॉझिट परत येईल या आशेवर थांबू नका, मधला वेळ त्यांना हवाच असतो.

त्यानंतर जे सुरू झालं ते संपलेलं नाही. बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?" रिझर्व्ह बँकेचा ग्राहकांना संरक्षण देणारा २०१७ चा नियम आहे, पण आपण स्वतः पाठवलेल्या पैशांना तो लागू पडत नाही, हे त्याने निदान समजावून तरी सांगायचं. ते मला घरी येऊन वाचावं लागलं. समोरचं खातं गोठवण्याबद्दल विचारलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेले तर बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. शिक्का मारणारे साहेब रजेवर.

ठाण्यात मी घरी उरलेले दोन जादा ब्लॉक, स्टीलची पट्टी आणि पॅटर्नची प्रिंट घेऊन गेले. टेबलावर मांडून दाखवायला सुरुवात केली. ड्युटीवरच्या साहेबांनी ब्लॉक उलटासुलटा केला आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या आईने जन्मभर गोधड्या शिवल्या, कधी कागद बघितला नाही. गोधडीला कसला पॅटर्न?" बाजूचे हसले. आईच्या गोधडीचा मला आदर आहे, माझी आजीही शिवायची. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालायचा. ठिगळ बसेल तिथे बसतं, गोधडी होईल तेवढी होते. इथे चाळीस तुकडे वेगवेगळ्या घरांत शिवून एकमेकांना मिळवायचे असतात. प्रत्येक शिलाईत अर्धा सूत चुकला तरी आठ शिलायांत अर्धा इंच जातो. म्हणून माप लिहिलेलं लागतं. पण ऐकायचं कोणाला होतं? "तुमचं काम नापास झालं, यात फसवणूक कुठे? दिवाणी आहे." सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात रक्कम लहान, तुमच्या ठाण्यात द्या. त्या दुसऱ्या ताईंना त्यांच्या ठाण्यात हेच उत्तर. दोघींच्या तक्रारी एकत्र करा म्हटलं तर जिल्हे वेगळे. मग आम्ही प्रत्येकीने आपापलं रडत बसायचं का? प्रत्येकीचे तेरा हजार वेगवेगळे मोजले की ते लहानच दिसणार, ठगांचा हिशोबही तोच आहे. एक बनवाबनवीची नोटीस पाठवायला त्यांना पाच मिनिटं लागतात आणि माझी खरी तक्रार लिहून घ्यायला इथे पेन सापडत नाही.

एफआयआर घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते. हे ठाण्यात कोणी सांगितलं नाही, एका ओळखीच्या वकिलीणबाईंनी सांगितलं. मी पाठवली आहे, दोन्ही ब्लॉकचे पट्टीसकट फोटो जोडून. ग्राहक आयोगातही जाणार आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. "धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असं एकाने तोंडावर फेकलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेला स्वयंरोजगार ग्राहकातच धरला आहे, छापून नेऊन दाखवा.

आणि ज्यांना फक्त छंद म्हणून पॅटर्न विकत घ्यायचे आहेत त्यांनाही सांगते. विकणाऱ्याला आधी विचारा: कापायचं माप आणि तयार माप वेगळं दिलंय का? शिलाई धरली आहे का? कपडा किती पन्ह्याचा, म्हणजे किती रुंदीचा, धरून मोजला आहे? छापायचे साचे असतील तर पानावर एक इंचाचा तपासणीचा चौकोन असायलाच हवा. प्रिंट काढून देणारा दुकानदार "फिट टू पेज"वर, म्हणजे पानात मावेल असं लहान करून, छापतो, ९७ टक्क्यांवर गेलं की बारा इंचाचा ब्लॉक ११.६४ वर येतो आणि आपण आपल्या हाताला दोष देतो. उत्तरात "सरावाने जमेल" आलं की पैसे देऊ नका. ज्याने तो ब्लॉक स्वतः शिवलाय तो आकडा सांगतो.

माझे चाळीस ब्लॉक अजून त्यांच्याकडेच आहेत. तीच चांदणी, तोच फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतोय आणि संच आता १९९ ला आहे. दिसला तर स्क्रीनशॉट काढा, पैसे घेणाऱ्याचं नाव टिपून ठेवा, आणि तुमच्याकडून नापास केलेले ब्लॉक असतील तर मापासकट फोटो जपून ठेवा. पाठवलेल्या तक्रारीला दुसऱ्या जिल्ह्यातले असे आणखी पुरावे जोडता आले तर "काम नापास झालं" म्हणून ती पुन्हा परत करता येणार नाही.