इंजिन कूलंट हीटर आणि घरातले सॉकेट : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

थंडी सुरू होण्याआधी गाडीला १५०० वॉटचा कूलंट हीटर (इंजिन सुरू करण्याआधी त्यातले कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारे थंडावा देणारे द्रव, विजेवर गरम करणारे उपकरण) बसवून घेतला आणि गेले पाच महिने तो घरातल्या सॉकेटवर चालवत आहे. हीटरबद्दल माझी तक्रार नाही. कडाक्याच्या थंडीतही इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. काळजी घ्यावी लागली ती हीटरपासून भिंतीपर्यंतच्या जोडणीची.

२३० व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे सुमारे साडेसहा अँपिअर. १२० व्होल्टच्या घरात हाच आकडा साडेबारावर जातो. पाण्याची विजेची किटलीही एवढा प्रवाह घेते, पण ती काही मिनिटांत बंद होते आणि हीटर मात्र तासन् तास चालतो, त्यामुळे किटलीला चालून गेलेला सैल सॉकेट हीटरला चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात प्लग काढताना माझ्या बोटांना चटका बसला. पाहिले तर सॉकेटच्या एका छिद्राभोवती प्लास्टिक तपकिरी झाले होते आणि प्लगच्या त्याच बाजूच्या पिनेवर काळपट डाग होता. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) पडण्याचा प्रश्नच नव्हता. आतली पितळी पाती सैल झाल्यामुळे सगळी उष्णता त्या एका जागी निर्माण होत होती. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा नवा सॉकेट बसवून घेतला, प्लगही बदलला. आता हीटर लावल्यावर अर्ध्या तासाने मी प्लगला हात लावून पाहतो, आणि ही सवय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

एक्स्टेंशनसाठी २.५ चौरस मिलिमीटरची, अर्थिंगसह तीन तारांची, बाहेर वापरण्याजोगी रबरी केबल घेतली. ती पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेल्या वेटोळ्यात उष्णता कोंडते.

एका पावसाळी पहाटे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडली. उशीर होत होता, तरी ती पुन्हा पुन्हा वर न करता आधी जोड तपासला, तर बंपरजवळच्या जोडात पाणी शिरलेले आढळले. तेव्हापासून जोड जमिनीपासून उंच बांधतो आणि त्याच्या आधी केबलला खाली झोळ ठेवतो, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी जोडापर्यंत न जाता तिथेच गळून पडते.

रात्रभर हीटर चालू ठेवणे मी केव्हाच सोडले. दहा तासांना १५ युनिट जातात. निघण्याआधी तीन तास पुरेसे होतात आणि साडेचार युनिटमध्ये काम भागते. टायमर मात्र हीटरचा प्रवाह पेलणाराच हवा.

कूलंटची पातळी दर आठवड्याला पाहतो, कारण हीटरची कॉइल कूलंटमध्ये पूर्ण बुडालेली नसेल किंवा तिच्याभोवती हवा अडकली असेल, तर ती जळते. केबल जोडलेली असतानाच गाडी निघू नये म्हणून हीटर लावला की स्टिअरिंगला लाल फडके बांधतो आणि आधी स्विच बंद करून, मग प्लग काढून, केबल गुंडाळल्यावरच ते सोडतो.