आर्मडिलो, पिंजरा आणि रात्रीचा कॅमेरा : आठ महिन्यांनंतर

गेल्या सप्टेंबरात ह्यूस्टनच्या आमच्या घरामागच्या हिरवळीवर रोज सकाळी खड्डे दिसायला लागले. निमुळते, दोन-तीन इंच खोल. कुणीतरी रात्रभर पहार खुपसत फिरावं तसे. शेजारी म्हणाले, आर्मडिलो, म्हणजे पाठीवर कडक कवच असलेला, जमीन उकरणारा इथला प्राणी. आईला फोनवर वर्णन सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपलं खवले मांजरच की!" दिसायला थोडंफार तसंच, पण दोघांचं नातं काही नाही.

ऑक्टोबरात ३२ इंच लांब, दोन दारांचा जाळीचा पिंजरा आणि हालचाल झाली की डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात, अंधारातही फोटो काढणारा कॅमेरा आणला.

पिंजऱ्याच्या माहितीपत्रकात आमिष ठेवा असं लिहिलंय. ठेवलं. शेजारणीचं मांजर दोनदा आणि एक ऑपॉसम (पोटाला पिशवी असलेला, मांजराएवढा इथला प्राणी) सापडलं. आर्मडिलो वासावर जमिनीतली हुमणी, गांडुळं, मुंग्या उकरून खातो (हुमणी म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, ऊसवाल्यांना सांगायला नको). डब्यातला मासा त्याच्या खिजगणतीत नाही.

खरा उपयोग झाला कॅमेऱ्याचा. दहा-बारा रात्रींचे फोटो पाहिल्यावर लक्षात आलं की पठ्ठ्या रोज कुंपणाच्या कडेकडेनेच येतो. नजर अधू, त्यामुळे आडोसा धरून चालायची सवय. मग आमिष काढून टाकलं, पिंजरा त्याच वाटेवर ठेवला आणि तोंडाशी सहा-सहा फुटी फळ्या नरसाळ्यासारख्या उभ्या केल्या. चौथ्या रात्री स्वारी आत! माझ्या मते काम फळ्यांचं, पिंजऱ्याने फक्त दार पाडलं. परवाना असलेल्या माणसाला आधीच सांगून ठेवलं होतं, तो सकाळी घेऊन गेला. तोवर पिंजऱ्याखालची हिरवळ मात्र उकरून झाली होती.

पिंजरा मजबूत आहे, पण इथल्या दमट हवेत तीन महिन्यांत जोडांवर गंज चढला. किमतीच्या मानाने हे पटलं नाही.

कॅमेरा आधी कमरेच्या उंचीवर बांधला होता, तेव्हा निम्मे फोटो रिकामे. वीतभर उंचीवर आणल्यावर फरक पडला. जवळून दिव्यांच्या झोताने कवच पांढरंफटक यायचं, म्हणून निम्म्या दिव्यांवर चिकटपट्टी लावली. आता पाठीवरचे पट्टे मोजता येतात.

एक दोष मात्र जात नाही. सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो, आणि या प्राण्याचं अंगच आपल्यापेक्षा थंड. मे महिन्यापासून रात्रीही उकडतं, तेव्हा एखादा आर्मडिलो समोरून जातो आणि कॅमेरा ढिम्म. याच थंड अंगात कुष्ठरोगाचे जंतूही वाढतात. १९७१ पासून संशोधक त्यासाठीच आर्मडिलो वापरत आले. तेव्हा पिंजरा हाताळताना जाड हातमोजे घाला, उघड्या हाताने शिवू नका.

मे महिन्याच्या शेवटी एक फोटो आला : एक मोठी, मागे चार पिल्लं, अगदी एकसारखी. या जातीत बहुधा एकाच बीजांडातून चौघं जन्मतात, असं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी खड्डे दुप्पट झाले. नवरा म्हणाला, "लाव पिंजरा."

पिंजरा गॅरेजमध्येच आहे. कॅमेऱ्यात नवीन बॅटऱ्या घातल्या.