सांगलीतल्या वकिलांच्या फर्मचा दीड वर्षाचा अनुभव: बाउन्स झालेला चेक आणि घरचा सातबारा

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल मी कमिशनवर विकून देतो. एप्रिल २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खरेदीदाराने राजापुरी हळद उचलली आणि ८ लाख ४० हजारांचा चेक दिला. मे महिन्यात तो परत आला. खात्यात पुरेशी रक्कम नाही, असा बँकेचा मेमो. खरेदीदाराचे पैसे अडकले म्हणून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचे पैसे, थांबवता येत नाहीत. ती मी वेळेवर दिली आणि त्यासाठी घरातलं सोनं गहाण ठेवलं. अशा अवस्थेत मी विश्रामबागेतल्या या फर्मची पायरी चढलो.

त्याआधी ओळखीतल्या एका वकिलाने वसुलीच्या १० टक्क्यांवर काम घेतो म्हणून सांगितलं होतं. वकिलाने निकालावर अशी टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे मला या फर्ममध्ये आल्यावर कळलं. इथे फी टप्प्याटप्प्याने लिहून मिळाली: नोटिशीची वेगळी, तक्रार दाखल करण्याची वेगळी, पुढच्या तारखांची वेगळी. बिलावर जीएसटी लावलेला नव्हता. तो आरसीएमने, म्हणजे सेवा घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, मलाच भरायचा आहे, हे बिलाखाली लिहिलेलं होतं. एवढं स्पष्ट बिल मी वकिलाकडून पहिल्यांदाच पाहिलं.

पहिल्याच भेटीत ज्युनिअर वकील मुलीने बँकेचा मेमो मागितला, त्यावरची तारीख पाहिली आणि फाइलच्या आतल्या बाजूला लाल पेनाने लिहिलं: ११ दिवस. मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि त्यातले १९ दिवस मी खरेदीदाराच्या ‘चेक पुढच्या आठवड्यात परत टाका’ या आश्वासनावर घालवले होते. नोटीस दुसऱ्याच दिवशी तयार झाली. सही करण्याआधी तिने चेकची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत तीनदा वाचली, एकदा मलाही मोठ्याने वाचायला लावली. चेकच्या रकमेची मागणी तंतोतंत हवी, त्यात चूक झाली तर अख्खी केस जाऊ शकते, हे तिने समजावून सांगितलं. व्याज आणि खर्चाची मागणी वेगळ्या परिच्छेदात होती.

केस चालवायला अहमदाबादला जावं लागेल, ही माझी मोठी धास्ती होती. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ज्या शाखेत आपलं खातं आहे आणि चेक वटवायला भरला, तिथल्या कोर्टात तक्रार करता येते. म्हणजे सांगलीतलंच, आपलं विजयनगरचं कोर्ट. नोटीस पोचल्यानंतरचे १५ दिवस संपले, पैसे आले नाहीत, आणि पुढच्या महिनाभराच्या मुदतीतल्या नवव्या दिवशी तक्रार दाखल झाली. हा निकाल अमुक महिन्यांत लागेल असं मात्र त्यांनी एकदाही सांगितलं नाही. समन्स दोनदा न बजावता परत आलं, तेव्हा माझा धीर सुटला होता.

आता तक्रार. फोन कायम कारकूनच उचलतो आणि संध्याकाळी सहानंतरच उलट फोन येतो. एकदा तारीख पुढे ढकलल्याचा निरोपच आला नाही आणि मी कोर्टाच्या आवारात चार तास बसून राहिलो. त्या दिवशी मला राग आला होता, आणि तो रास्त होता. तेव्हापासून फर्मने दिलेला सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर, ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून तारीख मीच बघतो. तुम्हीही तो नंबर वकिलाकडून मागून घ्या.

समोरच्या बाजूने मध्येच ‘आम्ही हायकोर्टात जाऊन केस रद्द करून घेऊ’ असा दम भरला. पूर्वी हे ऐकून मुंबईचे हेलपाटे डोळ्यांपुढे आले असते. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. ‘येऊ देत, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ,’ असं मोठे वकीलसाहेब म्हणाले. समोरचे हायकोर्टात गेलेच नाहीत. डिसेंबरच्या लोकअदालतीत तडजोड झाली: ८ लाख तीन हप्त्यांत, व्याज सोडायचं. पहिल्या हप्त्याचा डीडी हातात पडेपर्यंत वकीलसाहेबांनी मला सही करू दिली नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून त्यातला शब्द न् शब्द त्यांनी आधी मला वाचून दाखवला.

दुसरं काम घरचं होतं, आणि या फर्मबद्दल मला खरा आदर वाटू लागला तो तिथे. वडील गेल्यावर तासगाव तालुक्यातल्या जमिनीला वारस नोंद झाली, दोन्ही बहिणींची नावं सातबाऱ्यावर आली. मला वाटलं, दोघी हक्कसोडपत्र करून देतील. मी दोघींना घेऊन गेलो तेव्हा फर्ममधल्या वकील मॅडमनी मला बाहेर बसायला सांगितलं. दार लावून अर्धा तास त्या दोघींशी एकेक करून बोलल्या. दार उघडल्यावर थोरली ताई माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘दादा, माझं मला राहू दे.’ मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं की २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, आणि मन नसताना घेतलेली सही पुढे दाव्याला कारण होते. ताईला त्यांनी स्वतःचा वेगळा वकील घ्यायलाही सुचवलं. पैसे मी देत होतो, तरी त्या हे बोलल्या. आठ दिवस मी घरी कुणाशी धड बोललो नाही. पण ताईचं बरोबर होतं. राखीला ती आली, पूर्वीसारखीच जेवायला थांबली.

या कामात फर्मची एक ढिलाई झालीच. ज्युनिअर मध्येच बदलली आणि मला सगळी वंशावळ दुसऱ्यांदा पहिल्यापासून सांगावी लागली. धाकट्या बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवून झालंय. ताईचा हिस्सा वेगळा करायला तिघांच्या संमतीने जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज दिलाय, आणि तेही काम मी यांच्याकडेच ठेवलंय.