‘वर्षाला ३०० अंडी’ आणि नागपूरचे ऋतू: खाकी कॅम्पबेल पिल्ले पुरवणाऱ्या एका केंद्राविषयी अभिप्राय

काटोल मार्गावरच्या एका खासगी उबवणी केंद्रातून खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची पिल्ले आणून, ती घराच्या परसात वाढवून आणि त्यांच्या अंड्यांचे सर्व ऋतू पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. पिल्ले निरोगी मिळाली, शंकांना नीट उत्तरे मिळाली आणि किंमतही रास्त वाटली. ज्यांना घरापुरती बदके पाळायची आहेत त्यांना हे केंद्र मी निश्चित सुचवीन. मात्र तेथील फलकावर ठळकपणे रंगवलेले ‘वर्षाला ३०० अंडी’ हे आश्वासन नागपूरचा उन्हाळा आणि येथील दिवसमान लक्षात न घेता लिहिलेले आहे, आणि घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी तेच समजून घेणे आवश्यक आहे.

आकडा खोटा नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास ही जात पुढे आणली, ती मुख्यतः अंड्यांसाठी. उभट अंगाची इंडियन रनर व भरदार रूआँ या बदकांच्या जाती आणि रानबदक यांच्या संकरातून ती घडली. चांगल्या व्यवस्थापनात तिची मादी साधारण पाच महिन्यांची होताच अंड्यावर येते आणि वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देऊ शकते. परंतु ‘चांगले व्यवस्थापन’ या दोन शब्दांत रोज १४ ते १६ तासांचा प्रकाश आणि बाराही महिने संतुलित खाद्य गृहीत धरलेले असते. प्रकाश केवळ डोळ्यांतूनच नव्हे, तर कवटीतूनही पक्ष्याच्या मेंदूपर्यंत पोचतो आणि तेथून निघणारी संप्रेरके अंडाशयाला चालना देतात. दिवस वाढू लागला की अंडी वाढतात आणि दिवस आखडला की कमी होतात, ते यामुळेच.

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साडेतेरा तासांच्या आत-बाहेर असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस अकरा तासांहूनही थोडा कमी असतो. याचा अर्थ, दिवा न लावणाऱ्या घरात ती १४ तासांची अट भर जूनमध्येही पहाट-संध्याकाळचा संधिप्रकाश धरला तरच जेमतेम पुरी होते, आणि जेव्हा दिवस सर्वांत मोठा असतो त्याच्या अगदी आधीचा महिना आपल्याकडे मे असतो.

आमच्या परसात फेब्रुवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध हा सर्वांत भरघोस काळ ठरला. अंडी रोजच्या रोज, मोठी आणि जाड कवचाची मिळत. पारा ४३-४४ अंशांकडे सरकला तशी प्रथम अंड्यांची कवचे पातळ झाली, मग संख्या घटली आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत खुराड्यातला पेंढा कित्येकदा रिकामाच राहिला. बदकाला घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकत अंगातली उष्णता बाहेर टाकते. या धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनते त्याची जुळणी मंदावते. शिवाय उकाड्यात पक्षी खाणेही कमी करतो, म्हणजे कॅल्शियमची आवकही घटते. केंद्रातील मंडळींनी यावर दिलेला सल्ला उत्तम होता आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे: खाद्य पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे, खुराडे कडुनिंबाच्या सावलीत ठेवून पश्चिमेच्या बाजूला ओले गोणपाट सोडावे, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा, कारण मादी गरजेप्रमाणे तो स्वतः खाते.

पाण्याविषयीचा त्यांचा आग्रहही योग्य आहे. अंड्यांसाठी तळे लागत नाही, परंतु नाकपुड्या आणि डोळे धुता येतील इतके, डोके पूर्ण बुडेल असे पाणी बदकाला रोज लागतेच. येथे मी माझी एक भर घालतो. सिमेंटचे उथळ टाके मे महिन्यात दुपारपर्यंत इतके तापते की बदके त्याच्याकडे फिरकत नाहीत; सावलीतले घमेले दुपारी पुन्हा गार पाण्याने भरणे अधिक उपयोगी पडते. हे पाणी रोज संध्याकाळी अळूला आणि केळीला घालून भांडे पालथे करावे, कारण साठलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि पावसाळ्यातला डेंग्यू या शहराला नवा नाही.

मृगाच्या सरी पडल्या की पक्षी टवटवीत होतात आणि अंडीही परततात. पण पुढे पावसाळा सरता सरता आणखी एक विराम येतो, आणि त्याचा उल्लेख केंद्राच्या माहितीपत्रकात कोठेही नाही, ही मला मोठी उणीव वाटते. वर्षातून एकदा बदक जुनी पिसे गाळून नवी धारण करते. पिसे बहुतांशी प्रथिनांचीच असल्यामुळे त्या आठवड्यांत शरीर अंड्यांकडे वळत नाही. नवख्या पाळणाऱ्याला परसभर पडलेली पिसे पाहून रोगाची भीती वाटते, किंवा मादी ‘संपली’ असे समजून ती विकली जाते. एका ओळीच्या सूचनेने हे टळले असते. दिवाळीनंतर लहान दिवसांमुळे अंडी कमीच राहतात. पहाटे दिवा लावून प्रकाशाचे तास हळूहळू वाढवले तर हा काळ भरून काढता येतो, आणि केंद्र त्यासाठी वेळ लावता येणारा दिवा विकतेही; परंतु तो एकदा सुरू केल्यावर अचानक बंद पडला तर पक्षी अवेळी पिसे गाळू शकतो. घरापुरती बदके असतील तर हिवाळ्याचा हा विसावा त्यांना मिळू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाद्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागेल. केंद्रातले तयार खाद्य चांगले आहे, पण पावसाळ्यात तेथील पोती फरशीवर भिंतीला टेकून ठेवलेली दिसली. ओलाव्याने मक्याला किंवा शेंगदाण्याच्या ढेपेला बुरशी लागली तर तीत अफ्लाटॉक्सिन तयार होते, आणि बदकाची पिल्ले या विषाला कोंबडीच्या पिल्लांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असतात. पोते उघडून, वास घेऊनच घ्यावे. आपल्या भागात सरकीची ढेप सहज मिळते म्हणून ती बदकांना घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तिच्यातील गॉसिपॉलमुळे बलक हिरवट-तपकिरी पडतो. पिल्लांसाठी कोंबडीचे खाद्य वापरायचे झाल्यास नायासिन या ब-जीवनसत्त्वाची जोड हवी, नाहीतर त्यांचे पाय वाकतात. हे केंद्रातल्या तरुणाने आपणहून सांगितले आणि सोबत यीस्टची पूडही दिली.

एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी ओळखून देण्याची सोय येथे नाही. दोन महिन्यांच्या आसपास मादीचा आवाज खणखणीत होतो आणि नराचा घोगरा राहतो, तेव्हाच उलगडा होतो. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराची गरज नाही. या जातीच्या माद्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे पुढची पिल्ले हवी असल्यास खुडूक कोंबडीखाली २८ दिवस अंडी ठेवावी लागतात. अंडी घालण्याची वेळ बहुधा पहाटेची असते, म्हणून आठ-नऊ वाजेपर्यंत पक्षी आत ठेवण्याची केंद्राची सूचना योग्य आहे. उन्हाळ्यात मात्र आम्ही त्यांना लवकर सोडतो आणि झुडपांखाली अंडी शोधतो.

डक प्लेगची लस कधी द्यायची याची लेखी चिठ्ठी पिल्लांबरोबर मिळते, ही बाब मला विशेष आवडली. बर्ड फ्लूविषयी मात्र चिठ्ठीत अवाक्षर नाही. नागपुरातल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या २०२४ च्या अखेरीस या रोगाने मरण पावले, आणि बदके तर लक्षणे न दाखवताही तो विषाणू बाळगू शकतात. रानपक्षी उतरणाऱ्या तलावांवर आपली बदके सोडू नयेत, एकाएकी मरतूक झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि अंडी पूर्ण शिजवूनच खावीत, एवढे तरी छापायला हवे.

नोंदणी वर्षभर चालते, परंतु पिल्ले सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये घ्यावीत. त्या वेळी उकाडा आणि ओल दोन्ही ओसरलेले असतात, रात्री उबेसाठी साधा बल्ब पुरतो, आणि पाच महिन्यांनी, म्हणजे दिवस वाढू लागलेले असताना, माद्या अंड्यावर येतात. एप्रिलमध्ये घेतलेल्या पिल्लांना हेच सर्व उलट्या क्रमाने सोसावे लागते, आणि त्या महिन्यात केंद्र सवलत देत असले तरी ती घेऊ नये.