आयसीटीव्ही: वाळवंटातल्या लोकांचं स्वतःचं चॅनेल

ऑस्ट्रेलियातलं आयसीटीव्ही म्हणजे इंडिजिनस कम्युनिटी टेलिव्हिजन, तिथल्या आदिवासी वस्त्यांचं चॅनेल, ऑनलाइन पण बघता येतं आणि मला प्रचंड आवडलंय. वार्लपिरी, पित्जान्तजात्जारा अशा भाषांमधे आजीआजोबा गोष्टी सांगतायत, पोरं फुटबॉल खेळतायत, आणि हे शूट करणारे त्याच वस्त्यांमधले लोक, बाहेरून आलेला क्रू नाही!

पण खरी भारी गोष्ट पडद्यामागची आहे. युएन्डुमू या वाळवंटातल्या वस्तीमधली पॉ मीडिया, जी १९८० च्या दशकात वार्लपिरी मीडिया असोसिएशन म्हणून उभी राहिली, अशा वस्त्यांच्या संस्था यात पार्टनर आहेत, कार्यक्रम त्या बनवतात, चॅनेल दाखवतं. बोर्डावर आपलीच माणसं असली की कुठला विधी दाखवायचा, गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा का, हे तिथलेच ठरवतात ना. याला मी तर सगळ्यात जास्त मार्क देईन.

२००७ ला एनआयटीव्ही म्हणजे नॅशनल इंडिजिनस टेलिव्हिजन, देशभरासाठीचं आदिवासी चॅनेल, आलं तेव्हा आयसीटीव्हीची सॅटेलाइटवरची जागा गेली होती, वाचून फार वाईट वाटलं, तरी २००९ पासून परत उभे राहिले. म्हणून पार्टनरशिप करताना चॅनेलची जागा कुणाच्या हातात आहे हे कागदावर पक्कं हवंच. नक्की बघा, भाषा नाही कळली तरी बघा.